हरवलेले एकशे त्र्याहत्तर फूट

छर्रा भोकातच गेला होता. हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. पण त्या मंगळवारी माझ्याकडे शपथ कोणी मागितलीच नाही. सगळ्यांना घंटा हवी होती आणि घंटा वाजली नव्हती.

इंग्लंडातल्या आमच्या क्रॅडली हीथ गावात घंटेची नेमबाजी म्हणजे काय हे कोणाला सांगावं लागत नाही, तरी नोंद चोख असावी म्हणून सांगते. साखळीकामगार क्लबच्या मागच्या खोलीत सहा यार्डांवर एक लोखंडी पत्रा लावलेला आहे. त्याच्या मधोमध करंगळीचं टोक जाईल एवढं भोक आणि भोकामागे घंटा. पत्र्याला पांढरा रंग फासतात. हवेच्या बंदुकीचा छर्रा भोकातून गेला की घंटा वाजते आणि पाच गुण मिळतात. भोक चुकलं तर रंगावर डाग उठतो. डाग किती लांब पडला ते पाहून चार, तीन, दोन. घंटाही नाही आणि डागही नाही, याचा नियमपुस्तकात एकच अर्थ आहे. छर्रा पत्र्याला लागलाच नाही.

"शून्य," डेनिस फेलोज म्हणाला.

डेनिस आमच्या क्लबचा सचिव. तो पहिल्या संघाचा पहिला राखीव खेळाडूही आहे. मागच्या वर्षी मला संघात घेतलं तेव्हा जागा करायला ज्याला बाहेर बसवलं, तो हाच. ब्याण्णव वर्षांत पहिल्या संघात आलेली मी पहिली बाई. डेनिसने तेव्हा माझं अभिनंदन केलं होतं, लेखी.

"भोकातून गेला तो," मी म्हणाले. "वेग कमी पडला म्हणून घंटा हलली नाही."

"मिसेस टाँक्स, 'कमी पडलेल्या वेगा'ला नियमात गुण नाहीत."

क्लबमध्ये याआधीचं शून्य १९६१ सालचं. त्या गृहस्थांना ऐन वेळी शिंक आली होती. मला शिंकसुद्धा आली नव्हती.

क्लेम विलेट्स हा आमचा कप्तान. वय चौऱ्याहत्तर, हात साखळीच्या कड्यांसारखे. त्याने माझी बंदूक हातात घेतली, नळी सांध्यात वाकवून पाहिली, कानाशी धरून हलवली आणि घड्याळजीसारखा चेहरा केला. "बाळ," तो म्हणाला, "हिला दम लागलाय." मी एकोणसाठ वर्षांची आहे, पण आमच्याकडे समोरची बाई शंभरीची असली तरी ती बाळच असते. "पुढच्या मंगळवारी ॲन्व्हिल क्लबवाल्यांशी उपांत्य सामना. तोवर हिने घंटा वाजवली तर तू खेळशील. नाहीतर डेनिस."

"दुसऱ्याची बंदूक घ्या ना," डेनिस मधाळपणे म्हणाला. मी डावखुरी आहे आणि माझे हात आखूड आहेत. माझ्या बंदुकीचा दस्ता माझ्या नवऱ्याने, सिरिलने, माझ्या मापाने कापलेला आहे. दुसऱ्याची बंदूक मी धरते तेव्हा शिडी धरून उभी असल्यासारखी दिसते. हे डेनिसला पक्कं ठाऊक होतं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी चौतीस वर्षं शाळेच्या रसायनशाळेत साहाय्यक होते, आणि शून्य जिव्हारी लागलं होतं. मी उभ्या खोलीला सांगितलं, की बिघाड मी शास्त्रीय पद्धतीने शोधणार आहे. एका वेळी एकच बदल, प्रत्येक बदलानंतर मोजणी, आणि शेवटी कारणासह लेखी अहवाल.

"लेखी?" क्लेम म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. तेव्हा मला ते कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्लेमचं वेगमापक यंत्र स्वयंपाकघरात मांडलं. पलीकडे जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्यांनी गच्च भरलेली लाकडी पेटी ठेवली आणि दहा छर्रे मारले. सरासरी वेग आला सेकंदाला चारशे बारा फूट. माझ्या वहीत वर्षापूर्वीची नोंद पाचशे पंच्याऐंशीची होती. म्हणजे एकशे त्र्याहत्तर फूट कुठेतरी गळून गेले होते. शिवाय एका छर्‍यात आणि दुसऱ्या छर्‍यात सत्तर सत्तर फुटांचा फरक. नुसता अशक्तपणा असता तर समजून घेतलं असतं. हा लहरीपणा होता.

"काय काय असू शकतं?" सिरिलने विचारलं. तो निवृत्त बसचालक आहे. त्याला मार्गावरचे सगळे थांबे आधी माहीत असावे लागतात.

"घोडा दाबला की आतली स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते, दट्ट्या हवा दाबतो आणि हवा छर्‍याला ढकलते. स्प्रिंग दमलेली असेल. दट्ट्याच्या तोंडावरचं चामडं हवा धरत नसेल. किंवा नळी वाकवून जिथे छर्रा भरतो त्या सांध्यातून हवा निसटत असेल."

"म्हणजे तीनच थांबे. जेवायच्या आत पोचू."

सांध्याची परीक्षा सोपी असते. सांध्यावर पातळ कागदाची पट्टी ठेवायची आणि घोडा दाबायचा. पट्टी उडाली तर गळती. माझी पट्टी उडाली. पण खिडकी उघडी होती, त्यामुळे तो पुरावा मी फेटाळला. खिडकी लावली. पट्टी पुन्हा उडाली, पण त्याच क्षणी सिरिलला खोकला आला. मी सिरिलला बाहेर काढलं. तोवर घरातला पातळ कागद संपला होता. (तो कोणत्या खोलीतला होता हे सांगायची गरज नाही. सिरिलने त्याबद्दल बराच वेळ नाराजी व्यक्त केली, तीही त्याच खोलीतून.)

मग मला पिठाची कल्पना सुचली. सांध्यावर चिमूटभर पीठ भुरभुरलं की हवा कोणत्या बाजूने निसटते तेही कळेल. कल्पना उत्तम होती. चूक एवढीच झाली, की नीट दिसावं म्हणून मी नाक सांध्यापासून चार इंचांवर नेलं.

शेजारच्या आयव्ही नोक्स मागच्या दाराने आत आल्या तेव्हा मी डोळे मिटून उभी होते आणि माझ्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"ॲपल पाय करतेयस होय गं, म्युरिएल?" त्या म्हणाल्या.

"गळती शोधतेय. उजव्या बाजूने आहे."

"अगं, त्यात शोधायचं काय? माझा बर्ट चाळीस वर्षं क्लबात खेळला. बंदूक रुसली की दोन थेंब तेल सोडायचा आत. लगेच सरळ यायची. मला म्हणायचा, आयव्ही, बंदूक अन् सासू दोघींना वंगण लागतं."

मी त्यांना समजावलं, की दट्ट्यापुढे भलतं तेल गेलं तर दाबाच्या उष्णतेने ते पेट घेतं, आणि शिवाय एका वेळी एकच बदल करायचा असतो. आयव्हीबाईंनी मान डोलावली. गेल्या वर्षी मी त्यांना ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करू नका म्हणाले होते, तेव्हाही अशीच डोलावली होती.

सांध्यातला वॉशर मी बदलला. सिरिलच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा नेमका त्या मापाचा निघाला. (पट्टा जुना आहे हे सिरिलला त्या दिवशी कळलं.) पुन्हा दहा छर्रे. सरासरी चारशे एक्केचाळीस. म्हणजे हरवलेल्यांपैकी एकोणतीस फूट सांध्यात सापडले. उरलेले एकशे चव्वेचाळीस आणखी आत कुठेतरी होते. मी आकडे वहीत लिहिले आणि डोळ्यांत गेलेलं पीठ धुवायला वर गेले. तीन मिनिटं लागली असतील.

खाली आले, छर्रा भरला, घोडा दाबला.

त्यानंतर जो आवाज झाला त्याला छर्‍याच्या बंदुकीचा आवाज म्हणता येणार नाही. कपाटातल्या बश्या वाजल्या. नळीतून निळा धूर निघाला, छतावरचा, धूर लागला की वाजणारा भोंगा किंचाळू लागला, डिरेक्टऱ्यांची पेटी एक इंच मागे सरकली आणि वेगमापकावर आकडा उमटला: नऊशे बारा.

"बघ!" आयव्हीबाई टाळ्या वाजवत म्हणाल्या. त्यांच्या हातात शिलाई मशीनच्या तेलाची कुपी होती. "दोनच थेंब!"

बर्टचा थेंब केवढा असे याची नोंद कुठेही नाही.

समोरच्या घरातून कोणीतरी पोलिसांना फोन केला. आले ते कॉन्स्टेबल प्यू; माणूस पन्नाशीचा, शांत, जाड मिशीचा. त्यांनी दारातून आतलं दृश्य पाहिलं: धूर, टॉवेलने भोंग्याला वारा घालणारा सिरिल, तेलाची कुपी पाठीमागे लपवणाऱ्या आयव्हीबाई, आणि हातात बंदूक व भुवयांत पीठ असलेली मी. मी बंदूक टेबलावर ठेवून दोन पावलं मागे सरकले.

"मॅडम, यावर नऊशे बारा दिसतंय."

"ते वेगाचं माप आहे."

"माहीत आहे. मी स्वतः खेळतो, टिपटनच्या क्लबात." त्यांनी खिशातून फोन काढला. "छर्रा किती वजनाचा?"

"आठ पूर्णांक चार ग्रेन."

त्यांनी गुणाकार केला, मग भागाकार केला आणि मिशीवर हात फिरवला. "साडेपंधरा फूट-पौंड ताकद. कायद्याची मर्यादा बारा, म्हणजे या छर्‍याला सेकंदाला साधारण आठशे फूट. त्यापुढे अग्निशस्त्राचा परवाना लागतो. आहे तुमच्याकडे?"

शाळेच्या रसायनशाळेत चौतीस वर्षांत एकदाही आग न लागू दिलेल्या बाईला हा प्रश्न तिच्याच स्वयंपाकघरात विचारला जात होता. मी त्यांना तेलाचं सांगितलं. हा वेग बंदुकीचा नाही, आयव्हीबाईंचा आहे. तेल जळून गेलं की तो उतरेल.

"उतरेल हे तुम्ही म्हणता."

"मोजून दाखवते."

कॉन्स्टेबल प्यू खुर्ची ओढून बसले. सिरिलने त्यांना चहा दिला आणि चीज-कांदा भरलेला पाव दिला. मी छर्रे मारत गेले आणि ते त्यांच्या वहीत आकडे लिहीत गेले. नऊशे बारानंतर आठशे साठ, मग आठशे एकतीस, मग सातशे नव्वद.

"हा मर्यादेच्या आत आला," मी म्हणाले.

"एकट्या आकड्यावर विश्वास ठेवायचा का, मॅडम? सलग दहा आत येऊ देत."

हे ऐकून मला त्यांच्याबद्दल इतका आदर वाटला की मी त्यांना दुसरा पाव दिला. पुढचाच छर्रा आठशे बाराचा निघाला, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. आयव्हीबाई प्रत्येक आकड्याला "अगं बाई" म्हणत होत्या. एकतिसाव्या छर्‍याला आम्ही चारशे अडतीसवर पोचलो, म्हणजे बंदूक पुन्हा कायदेशीर आणि निरुपयोगी झाली. कॉन्स्टेबल प्यू यांनी माझ्या वहीतही साक्षीदार म्हणून सही केली आणि जाताना हळूच विचारलं, "स्प्रिंग तपासलीत का?"

बातमी त्याच संध्याकाळी क्लबात पोचली. शनिवारी डेनिसचं पत्र आलं. 'आपली बंदूक दिनांक अमुक रोजी कायदेशीर मर्यादा ओलांडताना पोलिसांसमक्ष आढळली असल्याने, बिघाडाचे कारण समितीपुढे लेखी सादर होऊन मान्य होईपर्यंत ती क्लबच्या आवारात आणू नये.' समिती दर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी बसते. सामना मंगळवारी, तिच्या दोन दिवस आधी.

मी क्लेमला फोन केला. "समिती म्हणजे मी, डेनिस आणि बारमागचा हॅरल्ड," तो म्हणाला. "मंगळवारी सामन्याआधी अर्धा तास बसवतो. तू काहीतरी कारण लिहून आण, बाळ."

"काहीतरी नाही, क्लेम. खरं ते आणते."

"बरं," क्लेम म्हणाला आणि त्याने घाईघाईने फोन ठेवला.

रविवारी बंदूक उघडली. ताणलेली स्प्रिंग सुटली तर ती छतात जाते, म्हणून सुतारकामाच्या लांब शिकंज्यात बंदूक धरून आम्ही त्याचा पेच हळूहळू सैल केला. सिरिलने सबंध वेळ मोटारसायकलचं हेल्मेट घातलं होतं. आमच्याकडे मोटारसायकल नाही; ते हेल्मेट कुठून आलं हे त्याने आजतागायत सांगितलेलं नाही. स्प्रिंग बाहेर आली. सरळ होती, अखंड होती आणि लांबीला एका मिलिमीटरनेही कमी नव्हती.

मग दट्ट्या बाहेर आला. त्याच्या तोंडावरचं चामडं मऊ, तेलकट आणि वाटीच्या कडांसारखं उभं असायला हवं. माझं चामडं भाजलेल्या पापडासारखं होतं, फिकट, कडक आणि कडेला चिरलेलं. शिलाई मशीनचं तेलही त्याच्या आत मुरलं नव्हतं.

"एवढं वाळलं कशानं?" सिरिलने हेल्मेटच्या आतून विचारलं.

मी वही उघडली. मला कारणाचं काही सुचलं होतं असं नाही. अडले की मी वही उघडते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी माझ्या सुबक अक्षरात एकच नोंद होती: 'नळी स्वच्छ केली. ॲसिटोन, ५ मिली.' पहिल्या संघात निवड झाली त्या महिन्यापासून. क्लबात कोणी नळी धुत नाही. मला तो अडाणीपणा वाटत होता. धुऊन झाल्यावर मी बंदूक नळी वर करून कोपऱ्यात उभी ठेवायचे. नळीतलं ॲसिटोन खाली उतरायचं, बारीक छिद्रातून आत शिरायचं आणि चामड्यातला तेलाचा थेंब न् थेंब शोषून घेऊन उडून जायचं. अकरा वेळा. मी आलेखाच्या कागदावर तारखा आणि वहीतले माझे दर महिन्याचे गुण मांडले. बिंदू इतक्या सरळ रेषेत बसले, की शाळेत एखाद्या मुलाने असा आलेख आणला असता तर मी त्याला विचारलं असतं, आकडे कुठून चोरलेस?

"म्हणजे बंदूक तूच बिघडवलीस," सिरिल म्हणाला.

"पद्धतशीरपणे," मी म्हणाले.

चामडं मी गाईच्या खुरांच्या तेलात मुरत ठेवलं. हे तेल दाबाखाली सहसा पेटत नाही आणि चामड्याला मानवतं. सोमवारी दुपारी ते बोटाला लोण्यासारखं लागलं. बंदूक जोडली आणि दहा छर्रे मारले. सरासरी पाचशे एक्काहत्तर, फरक नऊ फुटांचा. मी यंत्राचं चुंबन घेतलं. ते क्लेमचं आहे हे नंतर आठवलं.

आनंद तासभर टिकला. मग मी अहवाल लिहायला बसले आणि आधी काय नियम आहेत ते पाहावं म्हणून नियमपुस्तक काढलं. नियम चौदा: 'स्वतःच्या हलगर्जीपणाने बंदूक निकामी करणाऱ्या सभासदास चालू हंगामात पहिल्या संघात खेळता येणार नाही.'

सिरिलने तो दोनदा वाचला. "लिही, हवामान."

"हवामानाने ॲसिटोन ओतलं नाही."

"कोण विचारतंय?"

"मी."

सिरिल उठला आणि चहा टाकायला गेला.

मंगळवारी समिती बारच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसली. बाकीचे खेळाडू मुद्दाम शेजारच्या टेबलावर बसून डुकराच्या कातडीचे कुरकुरे आवाज न करता खायचा प्रयत्न करत होते. क्लेमने क्लबची बिघाड-वही पुढे ओढली. मी ती पहिल्यांदाच पाहत होते. १९५८ पासूनच्या सगळ्या बिघडलेल्या बंदुका तिच्यात होत्या, आणि मी उलट्या बाजूने वाचत होते तरी शेवटचा रकाना स्पष्ट दिसत होता. कारण: दमट हवा. दमट हवा. दमट हवा. खाली वरच्याप्रमाणे.

"त्रेचाळीस बंदुका," मी हळू आवाजात म्हणाले. "त्रेचाळीसच्या त्रेचाळीस दमट हवेने?"

"आपल्याकडे हवा फार दमट," क्लेम वहीकडे पाहत म्हणाला. "तर बाळ, तुझं कारणही—"

मी अहवाल वाचला. चार पानं होती. ॲसिटोन, अकरा रविवार, आलेख. शेवटचं वाक्य होतं: 'वरील बिघाड सर्वस्वी सभासद म्युरिएल टाँक्स यांच्या अति स्वच्छतेमुळे झाला.' वाचून मी कागद खाली ठेवले. शेजारच्या टेबलावरचं कुरकुरणं थांबलं.

"नियम चौदा," डेनिस म्हणाला. त्याचा आवाज आनंदाने थरथरत होता. "मला फार वाईट वाटतंय, मिसेस टाँक्स."

क्लेमने चष्मा काढला आणि पुसला. हॅरल्डने टेबल पुसलं. बराच वेळ सगळं पुसून झाल्यावर हॅरल्ड म्हणाला, "माझी मी ओव्हनमध्ये ठेवली होती."

"काय?"

"बंदूक. एकोणनव्वद साली. दमट होती म्हणून वाळवायला. बायकोने पाव भाजायला ओव्हन पेटवला." त्याने घसा साफ केला. "म्हणजे दमट हवा अगदीच खोटं नव्हतं."

शेजारच्या टेबलावर कोणीतरी फिसकन हसलं. दुसऱ्याने हसत हसत सांगितलं, की त्याने दट्ट्याला डुकराची चरबी चोपडली होती आणि कुत्र्याने रात्रीतून दस्ता खाल्ला. क्लेम वहीत बोट घालून म्हणाला, "सत्त्याहत्तर. मी. स्प्रिंग वाढवली, मोटारीची घातली. गॅरेजचं दार आजही वाकडं आहे." आता सगळेच एकदम बोलायला लागले. खोलीत अशी झुंबड उडाली, की ॲन्व्हिलवाले दारात येऊन उभे राहिले तरी त्यांना बसा म्हणायला कोणी मोकळं नव्हतं.

"हे सगळं सभेच्या कामकाजाबाहेरचं आहे!" डेनिस ओरडला.

क्लेमने पान उलटलं. "गेला मार्च. डेनिस फेलोज. कारण, दमट हवा."

"होतीच दमट!"

मी काही बोलणार नव्हते. पण चौतीस वर्षं बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या निघून गेल्या की मला वासावरूनच ओळखायला लागायचं. "डेनिस," मी विचारलं, "मार्चभर तुझ्या बंदुकीला लिंबाचा वास येत होता. फर्निचर पॉलिश का?"

डेनिसचे कान लाल झाले. तो वहीकडे पाहत राहिला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "डबीवर 'लाकडासाठी आणि इतर' असं लिहिलं होतं."

हसणं ओसरायला पाच मिनिटं लागली. ॲन्व्हिलचा कप्तानही हसला, आणि मग त्याने त्यांच्याकडच्या एका बंदुकीबद्दल जे सांगितलं ते इथे लिहिता येणार नाही.

"नियम चौदा सगळ्यांना लावला," क्लेम डोळे पुसत म्हणाला, "तर आज खेळायला नुसती घंटा उरेल. सचिव, तुमचं मत?"

डेनिसने टोपण लावून पेन खिशात ठेवलं. "कारण मान्य," तो म्हणाला.

सुरुवात मी केली. नेमबाज उभा असताना आमच्याकडे खोलीत एक शब्दही निघत नाही. सात छर्रे संपेपर्यंत पाहुणे असोत वा घरचे, सगळे चूप. मी दस्ता डाव्या खांद्याला लावला. भोक काळं, गोल आणि स्थिर होतं. घोडा दाबला.

घंटा वाजली. टुणकन वगैरे नाही, चर्चची वाजावी तशी खणखणीत, आणि वाजतच राहिली.

आणि मी किंचाळले. त्याला दुसरा शब्द नाही. मी, जिला शाळेत मुलं मांजर म्हणत, कारण मी कधी आले ते कोणाला कळत नसे, ती मी बंदूक खाली ठेवून दोन्ही हात वर करून किंचाळले. ॲन्व्हिलच्या पंचाने शिट्टी वाजवली. सिरिलच्या हातून ग्लास पडला. उरलेल्या सहा छर्‍यांत घंटा पाच वेळा वाजली आणि एक डाग चारच्या रेषेवर पडला. सामना आम्ही दोन गुणांनी जिंकला.

शुक्रवारी डेनिसचं पत्र आलं. सिरिलने ते टोस्टच्या ताटलीला टेकवून ठेवलं होतं. मी फोडलं. विषय होता, सामन्यादरम्यान क्लबच्या परंपरेस न शोभणारा आवाज काढल्याबद्दल पहिली ताकीद. खाली तीन मुद्दे आणि सचिवाची सही.

"काय म्हणतोय?" सिरिलने विचारलं.

मी मुद्दे वाचले नव्हते. मी वरच्या डाव्या कोपऱ्यातला पत्ता वाचत होते. तिसऱ्यांदा वाचत होते. डेनिसच्या कडक, तिरप्या अक्षरात तिथे लिहिलं होतं: सौ. म्युरिएल टाँक्स, पहिला संघ.